कधी पडतो, कधी पडत नाही: जुन्या पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं कसं शोधायचं

अमेरिकेत जुना पिकअप ट्रक विकत घेणं सोपं आहे. त्याच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नखरे समजून घेणं कठीण. आज गाडी लोण्यासारखी पळते, उद्या सिग्नलवरून निघताना जागची हलायला कुरकुर करते, आणि इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की काही घडलंच नव्हतं अशा थाटात निघते. गॅरेजमध्ये नेली तर तिथे तिच्यासारखी गुणी गाडी नाही. मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "मला तर काही जाणवलं नाही." मग मालकाच्या हातात दोनच गोष्टी उरतात असं त्याला वाटतं: एकतर बंद पडेपर्यंत चालवायची, नाहीतर गिअरबॉक्स रिबिल्ड करायचा. रिबिल्डचं बिल काही हजार डॉलरांत जातं आणि पुष्कळदा ते ट्रकच्या किमतीला गाठतं.

पण असा अधूनमधून येणारा बिघाड लहरीवर चालत नाही. तो ठरावीक परिस्थितीत येतो, ती परिस्थिती फक्त आपल्या लक्षात आलेली नसते. गिअरबॉक्स उघडण्याआधी ती परिस्थिती पकडणं, एवढंच खरं काम आहे.

बोलायला एक ठरावीक यंत्र हवं, म्हणून जनरल मोटर्सचा ४एल६०-ई धरू. १९९३ पासून शेवरोले आणि जीएमसीच्या पिकअपमध्ये तो लाखोंनी बसला आणि आजही त्यातले पुष्कळ रस्त्यावर आहेत. पुढे जायचे चार गिअर म्हणून ४. गाडीत लांबीच्या दिशेने बसतो म्हणून एल. ६० हा किती जोर सोसेल त्याचा दर्जा. आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. आपल्याकडे पिकअप म्हटलं की बोलेरो आठवते आणि तिचे गिअर हाताने टाकायचे असतात, म्हणून दोन ओळी यंत्राबद्दल. हा आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांतला एएमटी नव्हे. एएमटीमध्ये नेहमीचाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायचं काम मोटर करते. ४एल६०-ई हा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे जातीने इनोव्हा क्रिस्टाच्या ऑटोमॅटिकचा भाऊबंद.

यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा ऑइलने भरलेला बंद डबा असतो. इंजिनची बाजू ऑइल फेकते, त्या माऱ्याने समोरची बाजू फिरते. मागे गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या आणि एक पट्टा असतो. ऑइलच्या दाबाने यातलं कोण कोणाला आवळून धरतं त्यावर गिअर ठरतो. दाब कुठे पाठवायचा हे ठरवणारा व्हॉल्व्ह बॉडी नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग खाली चेंबरच्या, म्हणजे ऑइल साठणाऱ्या तळपात्राच्या, वर बसवलेला असतो. त्याच्या भोकांतून व्हॉल्व्ह मागेपुढे सरकतात आणि त्यांना सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपा, हुकूम देतात. सोलेनॉइडना हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर. तो पाहतो गाडीचा वेग, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि ऑइल किती तापलंय.

म्हणजे चूक तीन ठिकाणी होऊ शकते: कॉम्प्युटरला चुकीची बातमी मिळाली, बातमी बरोबर पण हुकूम वाटेत तुटला, किंवा हुकूम पोचला पण ऑइलच्या दाबाने तो पाळला नाही. गॅरेजमधले वाद बहुतेक या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

सुरुवात वहीने करावी. गडबड झाली की त्या क्षणी काय काय होतं ते लिहायचं. इंजिन थंड होतं की तासभर चालवून तापलेलं? वेग किती? रेस दिलेली होती की पाय उचललेला? चढ, वळण, खड्डा, पाऊस? झटका बसला की आरपीएम चढला आणि गाडी मात्र ओढेना? बंद करून चालू केल्यावर बरं झालं का? त्या वेळी स्पीडोमीटरचा काटा काय करत होता हेही बघा. काटा क्षणभर खाली पडला आणि त्याच वेळी गिअर बदलला, तर वेगाचा सेन्सर किंवा त्याची वायर पहिली संशयित. कॉम्प्युटरला वाटलं गाडी थांबली, त्याने इमानेइतबारे खालचा गिअर टाकला. गिअरबॉक्सची काहीच चूक नाही. अशी पाच-सहा टिपणं जमली की मेकॅनिकशी होणारं बोलणंच बदलतं.

त्यानंतर ऑइल. हे सगळ्यांना माहीत असतं आणि पुष्कळजण चुकीचं तपासतात. या गिअरबॉक्सचं ऑइल तापलेलं असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघायचं. डॉज पिकअपमधल्या जुन्या गिअरबॉक्सना हाच नियम लावलात तर फसाल. तिथे न्यूट्रलमध्ये बघावं लागतं, कारण पार्कमध्ये पंप कन्व्हर्टर भरत नाही. तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा. पातळी थोडी कमी असली की बिघाड अगदी लहरी वाटतो: वळणावर किंवा चढावर ऑइल एका बाजूला जातं, फिल्टर हवा ओढतो, क्षणभर ओढ जाते, सरळ रस्त्यावर पुन्हा सगळं ठीक.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टिपून घ्या. लाल किंवा लालसर तपकिरी असेल तर चालेल. काळपट आणि करपल्याचा वास येत असेल तर क्लचच्या चकत्या जळल्यात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर ताबडतोब गाडी थांबवायची: या ट्रकचं गिअर ऑइल थंड व्हायला रेडिएटरच्या आतून फिरून येतं, आणि आतली नळी फुटली की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. चकत्यांवरचं अस्तर त्याने सुटायला लागतं.

इथे एक कळकळीची सूचना. निदान होण्याआधी ऑइल बदलू नका आणि मशीनने फ्लश तर मुळीच करू नका. ऑइल बदलल्याने गिअरबॉक्स मरतो अशी एक समजूत आहे. मला ती उलटी वाटते, लोक बहुधा तो मरायला टेकल्यावरच ऑइल बदलायला धावतात. माझा आक्षेप वेगळा आहे. जुनं ऑइल आणि चेंबरमधला गाळ हा पुरावा असतो आणि फ्लशमध्ये तो वाहून जातो. दुकानात मिळणाऱ्या जादूच्या बाटलीबद्दल तर बोलायलाच नको.

आता वीज. ४एल६०-ईमध्ये गिअर ठरवणारे सोलेनॉइड दोनच, ए आणि बी. पहिल्या गिअरला दोन्ही चालू. दुसऱ्याला ए बंद, बी चालू. तिसऱ्याला दोन्ही बंद. चौथ्याला ए चालू, बी बंद. हे कोष्टक कागदावर लिहून ठेवा, यातून निम्मं निदान बसल्या जागी होतं. समजा सगळी वीज गेली. दोन्ही सोलेनॉइड बंद, म्हणजे तिसरा गिअर. म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी रडतकढत उठते, पण वेग घेतल्यावर ठीक वाटते. समजा फक्त ए मेला. मग पहिल्याच्या जागी दुसरा आणि चौथ्याच्या जागी तिसरा: दोन, दोन, तीन, तीन. आणि बी मेला तर गंमतच, गाडी चौथ्यात उठते आणि क्रम लागतो चार, तीन, तीन, चार. चालवणाऱ्याला हे सगळं "आज पिकअप नाही" एवढंच जाणवतं.

दाबाचं गणितही विजेला उलटं बांधलेलं आहे. ऑइलचा दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडला जितका करंट कमी, तितका दाब जास्त. हे मुद्दाम केलंय: वीज गेलीच तर दाब कमाल व्हावा, क्लच घट्ट धरले जावेत, जळू नयेत. यातून एक ठोकताळा निघतो आणि तो बहुतेक वेळा खरा ठरतो. अचानक दणकन झटके बसायला लागले आणि बंद-चालू केल्यावर थांबले, तर आधी विजेवर संशय घ्या. हळूहळू, महिन्यामहिन्याने घसरणं वाढत गेलं, गरम झाल्यावर जास्त, तर ऑइलचा दाब किंवा झीज.

गाडी १९९६ किंवा नंतरची असेल तर ओबीडी-२ चं, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट असणारच, अमेरिकेत तेव्हापासून ते सक्तीचं झालं. स्वस्तातल्या स्वस्त स्कॅनरने कोड वाचता येतात, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०७५३ आला म्हणजे ए सोलेनॉइड खराब असं नाही. त्याच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच. त्याच्याबरोबर बी सोलेनॉइडचा पी०७५८ आणि कन्व्हर्टरच्या सोलेनॉइडचाही कोड आला असेल तर थांबा आणि विचार करा. तीन सोलेनॉइड एकाच वेळी मरत नसतात. त्यांना पुरवठा करणारी बारा व्होल्टची वायर मात्र एकच आहे आणि ती किल्लीच्या स्विचमधून येते. फ्यूज, झिजलेला इग्निशन स्विच, कुठेतरी सायलेन्सरच्या नळीला घासून वितळलेली वायर, असं काहीतरी सापडतं. किल्लीला लटकलेला जाड जुडगा हलवून लाइट मिणमिणतात का ते बघायला एक पैसा लागत नाही.

गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला वीस पिनांचा गोल कनेक्टर असतो. तो सोडवून आत टॉर्च मारा. पिनांवर लाल ऑइल आलंय का? आतलं रबरी ओ-रिंग कडक झालं की ऑइल तिथे झिरपतं. हिरवट गंज दिसतोय का? मिशिगनसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या ट्रकमध्ये हे नित्याचं. सोलेनॉइडचा रोध मीटरने याच कनेक्टरमधून मोजता येतो. ए आणि बी साधारण २० ते ३० ओहमच्या आसपास, दाबाचा सोलेनॉइड मात्र जेमतेम चार ओहमचा. पण थंड गाडीत मोजून "ठीक आहे" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कॉइलची तार आत तुटलेली असते, थंडीत टोकं टेकून राहतात, तापल्यावर दूर होतात. म्हणून गाडी बिघडेपर्यंत चालवायची, तशीच गरम असताना खाली शिरून मोजायचं. सायलेन्सरने हात भाजायला नको, हातमोजे घाला. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीच भरवसा नको, खाली स्टँड लावलेच पाहिजेत.

अर्थिंगचे पट्टे, बॅटरीची टर्मिनल, अल्टरनेटर यांच्याकडेही नजर टाका. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला की बॅटरीकडे जाणाऱ्या सरळ विजेत एसीची लहर मिसळते, सेन्सरच्या वायरीत ती घुसते आणि टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच, म्हणजे डब्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना जखडणारा आतला क्लच, उगाचच लागतो-सुटतो. लोकांनी यापायी चांगले गिअरबॉक्स उतरवलेत. पाय किती दाबलाय हे सांगणाऱ्या थ्रॉटल सेन्सरचंही तसंच: रोज ज्या जागी पाय स्थिर असतो तिथला त्याचा पट्टा झिजतो, आणि नेमका त्याच दाबाला सिग्नल तुटतो. मीटरवर पॅडल अगदी सावकाश दाबत न्यायचं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपासून साडेचारच्या पुढेमागे विनाखंड चढला पाहिजे. मध्येच कोसळला तर तो सेन्सर बदला, बाकी नंतर.

एवढ्यावर सापडलं नाही तर लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असतानाचे आकडे, दाखवणारा स्कॅनर लावून रस्त्यावर जायचं. सोबत दुसरं माणूस हवं, चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही. इथे एक साधं गणित कामाला येतं. मागचा अ‍ॅक्सल ३.७३ चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७३ फेरे), टायर ३० इंची आणि वेग ताशी ६० मैल असेल तर चौथ्या गिअरमध्ये, कन्व्हर्टरचा क्लच लागलेला असताना, आरपीएम सुमारे १७५० असायला हवा. तिसऱ्यात सुमारे २५००. चौथ्यात कन्व्हर्टर सुटलेला असेल तर १७५० पेक्षा दोन-तीनशे जास्त. आता बिघाड झाला त्या क्षणी कॉम्प्युटरने कोणता गिअर मागितला होता ते बघा. त्याने तिसरा मागितला आणि आरपीएम तिसऱ्याचाच असेल तर गिअरबॉक्स आज्ञाधारक आहे, कॉम्प्युटरला कोणीतरी फसवलंय. त्याने चौथा मागितला आणि आरपीएम कुठल्याच गिअरशी जुळत नसेल तर घसरण खरी आहे. सगळ्या निदानातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच.

कन्व्हर्टरचा क्लच तपासायची युक्ती स्कॅनरशिवायही चालते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० मैलांवर स्थिर वेग ठेवा आणि ब्रेकला नुसता पाय टेकवा, दिवा लागेल इतकाच. क्लच लागलेला असेल तर तो लगेच सुटतो आणि आरपीएम थोडा वर उडतो. पाय काढल्यावर काही सेकंदांत परत बसतो. गाडी खडबडीत पट्ट्यांवरून जातेय अशी थरथर होत असेल आणि ब्रेकला पाय टेकवताच ती थांबत असेल, तर दोष बहुधा कन्व्हर्टरच्या क्लचकडे. थांबली नाही तर स्पार्क प्लगच्या वायरी बघा. ओझ्याखाली होणारा मिसफायर हुबेहूब तसाच जाणवतो आणि त्याचा इलाज कितीतरी स्वस्त आहे.

या गिअरबॉक्सचा एक बिघाड मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तो भल्याभल्यांना चकवतो. तासभर हायवेवर चालवलं, सगळं छान. गावात शिरलो, आणि सिग्नलवरून निघताना पहिल्याचा दुसरा पडताना मागून कोणी धडकावं असा दणका. इंजिन बंद करून चालू केलं की दणका गायब. दुसऱ्या दिवशी गावातल्या गावात फिरलो तर काही नाही. मालक म्हणतो दुसऱ्या गिअरमध्ये दोष आहे. स्कॅनर म्हणतो पी१८७०, म्हणजे कुठेतरी घसरतंय.

घडतं ते असं. १९९५ पासून कन्व्हर्टरचा क्लच एकदम न लावता हळुवार लावायची पद्धत आली. त्यासाठी एक सोलेनॉइड भराभर उघडझाप करतो आणि त्याच्या तालावर व्हॉल्व्ह बॉडीतला एक व्हॉल्व्ह सतत मागेपुढे थरथरतो. व्हॉल्व्ह कठीण, भोक अ‍ॅल्युमिनियमचं. हजारो मैलांत भोक झिजून मोठं होतं आणि ऑइल कडेने निसटतं. चाळीत तळमजल्यावर कोणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तसा कन्व्हर्टरकडे जाणारा दाब उतरतो. थंड ऑइल घट्ट असतं, फटीतून फारसं जात नाही, म्हणून सकाळी काही कळत नाही. हायवेवर ऑइल तापून पातळ झालं की क्लच घसरायला लागतो. कॉम्प्युटर ते पाहतो, कोड नोंदवतो, कन्व्हर्टरचा क्लच बंद ठेवतो आणि बाकीचे क्लच वाचवायला दाब कमाल करतो. त्या कमाल दाबाचा दणका म्हणजे आपला दुसरा गिअर. किल्ली बंद केल्यावर कॉम्प्युटर पाटी कोरी करून पुन्हा नेहमीचा दाब देतो.

म्हणजे दणका हा इलाज होता, आजार दुसरीकडे होता. अशा वेळी सोलेनॉइड बदलून काही होत नाही. भोक रीमरने मोठं करून त्यात जाड व्हॉल्व्ह किंवा स्लीव्ह बसवतात, नाहीतर व्हॉल्व्ह बॉडीच बदलतात, आणि हे काम गिअरबॉक्स न उतरवता, खालून चेंबर काढून होतं. मात्र क्लच फार दिवस घसरत राहिला असेल तर कन्व्हर्टर जळलेला असतो, मग उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

खरोखर आतलं काही तुटलं असेल तर कोणते गिअर गेले ते एकत्र मांडायचं. तिसरा आणि चौथा गेला, पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठीक: ३-४ क्लच जळला, या गिअरबॉक्सचं हे नेहमीचंच दुखणं. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही गेले: सन शेल नावाचा पत्र्याचा डबा फाटला किंवा त्याचे दाते झिजले. दुसरा आणि चौथा गेला पण रिव्हर्स शाबूत: पट्टा किंवा त्याला दाबणारा सर्व्हो. हे बिघाडही सुरुवातीला अधूनमधूनच येतात, अर्धवट झिजलेले दाते कधी धरतात, कधी सुटतात.

ट्रक याहून जुना, म्हणजे कॉम्प्युटरच नसलेला असेल तर काम उलट सोपं. जीएमच्याच १९८२ पासूनच्या ७००आर४ गिअरबॉक्समध्ये थ्रॉटलपासून एक केबल गिअरबॉक्सला जाते. ती सैल असली की दाब कमी पडतो आणि क्लच थोड्याच मैलांत जळतात, म्हणून आधी तीच बघायची. टर्बो ३५० आणि ४०० या गिअरबॉक्समध्ये मॉड्युलेटर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालून दाब ठरवणारा भाग, असतो. ऑइल सारखं कमी होतंय, खाली थेंब पडत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तर मॉड्युलेटरची नळी काढून बोट लावा. आत ऑइल असेल तर पडदा फाटलाय आणि इंजिन ते पितंय.

थांबताना आणि निघताना येणारा प्रत्येक ठोका गिअरबॉक्सचा नसतो, हेही लक्षात असू द्या. प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट, ग्रीस सुकलेला शाफ्टचा सरकता भाग, फाटलेलं इंजिन माउंटिंग, सगळे तोच आवाज काढतात.

चेंबर उतरवाल तेव्हा आतलं चुंबक बघा. त्यावर राखाडी लेप असणं साहजिक आहे. चमकणारे तुकडे, काळा भुगा किंवा पितळी कण दिसले तर दुरुस्ती आता आतलीच. चेंबर काढल्यावर सुमारे पाच लिटर ऑइल निघतं, बाकी निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्येच राहतं, त्यामुळे एका बदलाने सगळं ऑइल नवं होत नाही. रिबिल्डला होकार देण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा: ऑइलचा दाब गेज लावून मोजला का, थंड असताना किती आणि गरम असताना किती भरला, आणि कोड कोणत्या तापमानाला नोंदला गेला. आकडे सांगता आले तर त्याने गाडी खरंच तपासली आहे. "या मॉडेलचं असंच होतं" एवढंच म्हणाला तर गाडी घेऊन दुसरीकडे जा, आणि रिबिल्ड ठरलाच तर कूलरच्या नळ्या धुऊन द्यायला सांगा, कारण जुन्या गिअरबॉक्सचा भुगा तिथेच बसलेला असतो आणि पहिल्याच चकरेत नव्यात उतरतो.